पेश्किर

हात ओले धरून उभी राहू नकोस, तुलाय.
त्यालाच पूस. जुना असला तरी पेश्किर आहे तो,
हात पुसायलाच केलेला.

कापड बार्तनच्या बाजारातलं, जाडंभरडं.
रेशीम मात्र तुझ्या आजीने तीन कोंबड्या विकून आणलं:
डाळिंबी, विटकं हिरवं,
आणि मधाच्या रंगाची एक लड
जी तिला पुन्हा कुठल्याच दुकानात मिळाली नाही.

आमच्याकडे या भरतकामाला हिशेबाचं काम म्हणतात.
छापा नाही, पेन्सिलची रेघ नाही,
कापडाचेच धागे मोजायचे.
तीन सोडायचे, चौथ्याखालून सुई काढायची,
आणि राहिलेलं परतीच्या वाटेवर भरत यायचं
की मागची बाजू पुढच्यासारखीच निघते.
गाठ शोधून बघ. सापडणार नाही.
आई म्हणायची, कापडावर गाठ दाखवणारी बाई
घरातलं भांडणही गल्लीला ऐकवते.

मोजताना तिच्याशी बोलायची सोय नव्हती.
दूध उतू जायचं, तिचे ओठ हलत राहायचे:
बीर, इकी, उच.
हा माझ्या लग्नासाठी होता,
दोन्ही टोकांना सात-सात फुलं.

एका टोकाची सात झाली होती, दुसरीकडची सहा,
तेव्हा झोंगुलडाकहून निरोप आला
की बोगदा बसला आणि बेद्री आत आहे.
शेजारची हामियेत दारातच रडायला लागली.
आईने मान वर केली नाही.
मला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही.
मग दिसलं, ओठ हलताहेत
आणि सुई जागची हललेली नाही.

दोन रात्री.

तिसऱ्या सकाळी तुझा बाप लॉरीतून उतरला,
तेवढे डोळे पांढरे.
कुणी काही बोलायच्या आत
आईच्या मांडीवरचं कापड ओढलं
आणि तोंड पुसलं.

मी चौदा वर्षांची. खरं सांगते,
भाऊ जिवंत आला म्हणून रडले त्यापेक्षा
पेश्किर नासला म्हणून जास्त रडले.
हे त्याला मी कधी सांगितलं नाही.
ठाऊक असावं; माझ्या लग्नात त्याने
आहेर म्हणून साबणाच्या बारा वड्या दिल्या.

आईने राखेच्या पाण्यात उकळला,
उन्हात टाकला, दवात टाकला.
डाग फिका झाला, गेला नाही. आरपार होता,
इकडून जेवढा तिकडून तेवढाच,
जणू कोळशालाही हिशेबाचं काम येत होतं.
मग तिने सातवं फूल तिथेच भरलं,
आणि डागाचा काठ तरीही डोकावतोय म्हणून
शेजारी आठवं.
मधाची लड त्या फुलात संपली.

परवा अंकाराहून एक व्यापारी आला.
उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, खूश झाला.
मग मोजलं.
"इकडे सात, तिकडे आठ. चूक आहे, बाई.
किंमत निम्मी."
मी त्याला चहा दिला.
दुसरा पेला विचारला नाही.

तुझ्या बापाचा खोकला त्या दोन रात्रींचा नव्हता,
तीस वर्षांचा होता.
डॉक्टरने छातीचा फोटो खिडकीकडे धरून
काळं कुठवर आलंय ते दाखवलं.
आईला तेव्हा दिसत नव्हतं जवळजवळ.
तिने फोटो हातात मागून घेतला,
त्यावरून बोट फिरवलं, थांबत थांबत,
ओठ हलत होते.
कितीपर्यंत पोचली, मी विचारलं नाही.

पूस आता.
नाही गं, ती उलटी बाजू नाही.